कचऱ्याचे पैसे पिशवीमागे घेतले तर पंचायतीचा खर्च खरंच घटेल का?

माडाखाली

येत्या ग्रामसभेत आमच्याकडे कचरा शुल्काचा विषय येणार आहे. आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. सध्या घरपट्टीबरोबर वर्षाची एक ठरावीक रक्कम भरतो. घरात दोन म्हातारी माणसं असोत नाहीतर मागे भाड्याच्या आठ खोल्या असोत, पावती सारखीच. आता एका पंचांनी सुचवलंय की पंचायतीच्या शिक्क्याच्या पिशव्या विकाव्यात, जो जेवढ्या भरेल त्याने तेवढे पैसे द्यावेत.

ऐकल्याबरोबर मला ते पटलं. आमचा ओला कचरा माडाच्या आळ्यात जातो. गाडीत द्यायला आठवड्याला एक लहान पिशवी भरते, तीही दुधाच्या आणि फरसाणाच्या पाकिटांची. रस्त्यापलीकडच्या इमारतीतून रोज तीन ड्रम निघतात. दोघांना एकच दर हा न्याय नव्हे.

पण मागच्या आठवड्यात पंचायतीत जाऊन वर्षाचा खर्च बघितला. मोठे आकडे होते गाडीभाडं, डिझेल आणि कामगारांची मजुरी. तेव्हापासून डोक्यात एक किडा शिरलाय. लोकांनी कचरा कमी दिला तरी गाडी त्याच वाड्यांतून, त्याच चढणीवरून फिरणार. मग पंचायतीचे पैसे वाचणार कुठे? कोणी प्रत्यक्ष पाहिलं असेल, हिशेब केला असेल, तर कृपया सविस्तर लिहा. सभेत मला बोलायचंय.

सोलकढी

पिशवीला पैसे लावा, दुसऱ्या दिवशी अर्धा कचरा पुलाखाली सापडेल. आमच्या घाटीच्या वळणावर आताच उभं राहवत नाही.

सेऊलचा_पाहुणा

मी मूळ साखळी गावचा. नोकरीनिमित्त सहा वर्षं सेऊलमध्ये काढली, तिथलं सांगतो.

दक्षिण कोरियात १९९५ पासून देशभर पिशवीमागे पैसे आहेत. पालिकेच्या पिशव्या दुकानात मिळतात, बाकीचा कचरा त्यातच टाकायचा. कागद, बाटल्या, डबे वेगळे करून दिले तर त्याला पैसे नाहीत. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात माणूस वेगळं करायला शिकतो. उपदेशाची गरजच पडत नाही.

अन्नाच्या कचऱ्याचं तंत्र निराळं. तो थेट जमिनीत पुरायला २००५ पासून बंदी आहे आणि २०१३ पासून तो जेवढा टाकाल त्या प्रमाणात पैसे. आमच्या इमारतीखाली एक पेटी होती. कार्ड दाखवलं की झाकण उघडायचं, आत टाकलं की काट्यावर वजन यायचं आणि त्या कार्डावर नोंद व्हायची. माझी शेजारीण आजी भाजीची सालं टाकण्याआधी चाळणीत घालून दाबून पाणी काढायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, पाण्याचे पैसे का द्यायचे? त्यानंतर मीही तसंच करू लागलो. आज कोरियात अन्नाचा ९५ टक्क्यांहून जास्त कचरा खत, पशुखाद्य, बायोगॅस अशा कामी येतो.

तेव्हा लोक बदलत नाहीत हे मला मान्य नाही. मात्र ती यंत्रणा एका रात्रीत उभी राहिली नाही, हेही तितकंच खरं.

सोलकढी

सेऊलमध्ये इमारती आहेत, पेट्या आहेत, कॅमेरे आहेत. आमच्या वाड्यावर दोन घरांमध्ये अर्ध्या फर्लांगाचं रान आहे. तिथे कार्ड कोणाला दाखवणार, मुंगसाला?

हिशेबनीस

माडाखाली, तुमच्या डोक्यातला किडा योग्य जागी शिरलाय. मी एका पालिकेत लेखा विभागात होतो, आता निवृत्त. आकडे समजुतीसाठी धरतो, तुमच्या पंचायतीचे नव्हेत.

समजा एक गाडी चारशे घरं करते. ड्रायव्हर, दोन मदतनीस, डिझेल आणि देखभाल धरून दिवसाला ४,००० रुपये. घरटी दीड किलो म्हणजे ६०० किलो कचरा. पुढे वर्गीकरण, प्रक्रिया वगैरेला किलोमागे २ रुपये धरा, म्हणजे १,२००. एकूण ५,२००.

आता पिशवीमागे पैसे लावले आणि कचरा एक तृतीयांश घटला. ही मोठी घट झाली, टाळ्या वाजवाव्यात अशी. उरला ४०० किलो. प्रक्रियेचा खर्च ८०० वर आला. पण गाडीचे ४,००० तसेच. एकूण ४,८००. म्हणजे कचरा तिसऱ्या हिश्शाने कमी झाला आणि खर्च जेमतेम तेराव्या हिश्शाने.

याच्यापुढचं दुखणं मोठं आहे. जर सगळा ५,२०० चा खर्च पिशव्यांच्या किमतीतून काढायचं ठरवलं असेल, तर पिशव्यांची विक्रीही तिसऱ्या हिश्शाने घटणार. जमा होणार साधारण ३,४७०. दिवसाला तेराशेच्या वर तूट. ती भरायला दर वाढवला की लोक आणखी कमी पिशव्या घेणार. म्हणून झुरिचसारख्या शहरात १९९३ पासून पिशवीचे पैसे आहेत, तरी त्याच्या जोडीला घरामागे एक पायाभूत शुल्कही आहे. गाडीचा पैसा त्या पायाभूत शुल्कातून, कचऱ्याचा पैसा पिशवीतून. ही दोन खाती वेगळी ठेवा, हे सभेत पहिलं सांगा.

आणि आता खरी बचत कुठे आहे ते. ओला कचरा घराच्या आवारातच जिरला तर उरलेला सुका वास मारत नाही, तो रोज नेण्याची घाई नसते. गाडी एक दिवसाआड आली, आणि दोन दिवसांचा ८०० किलो एकाच खेपेत मावला, तर दोन दिवसांचा खर्च ४,००० अधिक १,६००. दिवसाला पडले २,८००. इथे खर्च जवळपास निम्म्यावर आला. किलो घटल्याने फारसं वाचत नाही, खेप घटली की वाचतं. दर कसाही लावा, त्याने एक खेप रद्द होते का, एवढंच विचारा.

कुळागरवाली

हिशेबनीस काका, हे असं कोणी आजवर सांगितलं नव्हतं. छापून घेते.

एक मात्र विचारते. कामगार महिन्याच्या पगारावर असतील तर गाडी उभी राहिली म्हणून त्यांचा पगार वाचत नाही ना?

हिशेबनीस

बरोबर पकडलंत बाय. डिझेल वाचतं, गाडीची झीज वाचते. माणसांचा पगार वाचवायचा नाहीच. ती माणसं त्या दिवशी शेडमध्ये वर्गीकरणाला बसवायची. तिथे हात कमी पडतात म्हणून चांगला प्लास्टिक कचराही टाकाऊच्या गाठोड्यात जातो.

तांबडी_माती

माझी आई सुक्या कचऱ्याच्या शेडमध्ये काम करते, अकरा वर्षं झाली. पंचायतीचं नाव लिहीत नाही.

तिच्या टेबलावर काय येतं ते एकदा या आणि बघा. दुधाची पिशवी धुतलेली असली तर ती दोन बोटांनी उचलते आणि बरोबर ढिगात टाकते, सेकंदाचं काम. तीच पिशवी मासळीच्या पाण्यात लडबडलेली असली की बाजूचे दहा कागद खराब करते. लहान मुलांचे डायपर वर्तमानपत्रात न गुंडाळता येतात. फुटलेला ग्लास भाताच्या पिशवीत येतो. मागच्या मे महिन्यात आईच्या अंगठ्याला चार टाके पडले. ग्लोव्हज होते, पण काच ती काच.

तुम्ही सगळे पिशव्या, दर, खेपा यावर बोलताय, ते बरोबरच आहे. माझं म्हणणं एवढंच, की मिसळलेला कचरा हा सगळ्यात महाग कचरा आहे आणि त्याची किंमत आज आई भरते. दर लावायचाच तर वेगळा केलेला कचरा फुकट घ्या आणि मिसळलेल्याला पैसे लावा. पिशवी किती भरली यापेक्षा पिशवीत काय भरलंय ते बघा.

माडाखाली

तांबडी_माती, वाचून हात थांबला. सभेत हे मी तुमच्याच शब्दांत सांगेन, चालेल ना? आईंना नमस्कार सांगा.

तांबडी_माती

सांगा की. तिला बरं वाटेल.

मांडवीकाठ

पणजीत राहते. आमच्याकडे २००३ साली रस्त्यावरच्या कुंड्या काढून टाकायचं धोरण आलं. लोकांनी तेव्हा फार आरडाओरड केली होती, कुंडी नसली तर टाकायचं कुठे म्हणून. नंतर दारोदार गोळा करणं, रंगांच्या बादल्या आणि सुक्यातल्या वेगवेगळ्या गोष्टींना वेगवेगळे दिवस आले. वसाहतींमध्ये खताचे खड्डे झाले. आता तर सोळा प्रकारांत वेगळं करण्यापर्यंत गोष्ट गेलीय.

शुल्क आम्हीही भरतो, पण लोकांना वळण लागलं ते शुल्काने नव्हे. चुकीच्या दिवशी चुकीची बादली ठेवली तर ती तशीच परत दारात राहायची. दोन दिवस ती बादली शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बघितली की पुढच्या वेळी नीट. पैशापेक्षा ती बादली जास्त बोलते.

रानवाट

अवांतर होतंय पण सांगायलाच हवं. तैपेईत २००० सालापासून पिशवीमागे पैसे आहेत. तिथे गाडी घरोघर जात नाही. ती ठरल्या वेळी ठरल्या कोपऱ्यावर गाणं वाजवत येते आणि माणसं आपापली पिशवी घेऊन खाली धावतात. म्हणजे हिशेबनीस म्हणतात तो गाडीचा खर्चच कमी केला. एका थांब्यावर पन्नास घरं.

आपल्याकडे हे नवीन थोडंच आहे! पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की अख्खा वाडा टोपली घेऊन फाटकाशी येतो. पाव घ्यायला येतो तो कचरा द्यायला का येणार नाही?

सोलकढी

पावाचा वास आणि कचऱ्याचा वास यात जरा फरक आहे हो. पण कल्पना आवडली, मान्य.

पिंपळपार

आमच्या गावात म्हाताऱ्या एकट्या राहणाऱ्या बाया आहेत, मुलं मुंबईत नाहीतर परदेशात. त्या कोपऱ्यापर्यंत पिशवी घेऊन कशा येणार? थांब्याची पद्धत आणली तर त्यांच्यासाठी दारात गाडी हवीच.

सोलकढी

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो, कारण सगळे पुढे निघून गेले. १९९२ साली अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिल गावात पिशवीमागे ८० सेंट लावले होते. अर्थशास्त्रज्ञांनी घरोघरच्या कचऱ्याचं आधी आणि नंतर मोजमाप केलं. पिशव्यांचं आकारमान ३७ टक्क्यांनी घटलं, पण वजन घटलं फक्त १४ टक्क्यांनी. म्हणजे लोकांनी पिशवीत पाय घालून कचरा दाबला! आणि जे वजन घटलं त्यातलं काही रात्री दुसरीकडे टाकलेलं असावं, असंही त्यांच्या अभ्यासात निघालं.

आपल्याकडे महामार्गाच्या कडेला, खाणीच्या जुन्या रस्त्यांवर, नदीच्या उतरणीला काय पडतं ते रोज दिसतं. तिथला कचरा उचलायला वेगळा जेसीबी, वेगळी माणसं. पिशवीतून मिळालेले दहा रुपये तिथे शंभर होऊन जातात. हाँगकाँगसारख्या शिस्तीच्या शहराने वर्षानुवर्षं तयारी केली आणि २०२४ च्या मे महिन्यात ही योजना बाजूला ठेवली. आपण एका ग्रामसभेत ठरवणार का?

सेऊलचा_पाहुणा

सोलकढी, तुमचे आकडे बरोबर आहेत, भांडणच नाही. म्हणूनच कोरियात अन्नाच्या कचऱ्यासाठी वजनाचा काटा आणला. वजनावर पैसे असले की दाबून उपयोग नाही.

मिरामारचा_वारा

वजनावर? आणि जून ते सप्टेंबर काय करणार? माझं लहान गेस्ट हाऊस आहे. पावसात बाहेर ठेवलेला ड्रम सकाळी उचलायला दोन माणसं लागतात. ते अर्धं पावसाचं पाणीच असतं. झाकणाशिवाय ड्रम घेणारच नाही असा नियम आधी करा, मग काटा आणा.

आणखी एक. दिवसाला १०० किलोंच्या वर कचरा निघणाऱ्यांना २०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठे कचरा निर्माते मानलं, त्यांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा. त्याच नियमांत प्रत्येकाने स्थानिक संस्थेला वापर शुल्क द्यायचं हेही होतं. पण सुट्टीपुरत्या भाड्याने दिलेल्या बंगल्यांचं काय? आमच्या गल्लीत असे सहा आहेत. शनिवार-रविवारी वीस माणसं, सोमवारी फाटकाबाहेर बाटल्यांचा डोंगर, आणि पावती साध्या घराची. मी व्यावसायिक दर भरतो. मला त्याची तक्रार नाही, पण तो सगळ्यांना लागू हवा.

माडाखाली

हे आमच्याकडेही सुरू झालंय. लिहून घेतलं.

कुळागरवाली

बाटल्यांवरून आठवलं. गोवा सरकारने २०२४ मध्ये डिपॉझिट परताव्याची योजना अधिसूचित केली, ती मला पिशवीच्या पैशांपेक्षा जास्त पटते. बाटली विकत घेतानाच जादा पैसे द्यायचे, रिकामी परत केली की ते मिळणार. पिशवीचे पैसे टाकताना द्यावे लागतात, म्हणून माणूस लपून टाकतो. डिपॉझिटमध्ये टाकून दिलं तर आपलेच पैसे बुडतात. आणि कोणी टाकलंच तरी दुसरा उचलून नेईल, कारण त्या बाटलीला आता किंमत आहे. सोलकढींच्या वळणावरची घाण तिथेच निम्मी होईल. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटल्यांवर असं डिपॉझिट आहे, आता त्याचे २५ सेंट पडतात. माझी भाची तिथे शिकते, ती म्हणते रस्त्यावर बाटली दिसतच नाही.

सोलकढी

हे मान्य. याला माझा पाठिंबा.

हिशेबनीस

कुळागरवालीबाय, पंचायतीच्या हिशेबातही ते चांगलं बसतं. बाटल्या वजनाला हलक्या पण गाडीत जागा फार खातात. त्या गाडीबाहेर राहिल्या की गाडी उशिरा भरते. पुन्हा तेच, खेप.

रायबंदरकर

सगळे आजच्या कचऱ्याबद्दल बोलताय, जुन्याचं काय? सोनसोड्याचा कचऱ्याचा डोंगर मडगावने कित्येक दशकं वाढवला. २०१९ च्या मे महिन्यात तिथे आग लागली, धुराने लोक हैराण झाले, प्रकरण उच्च न्यायालयात. तो डोंगर उपसायला जो पैसा लागतो, तो त्या वेळी कोणाच्याही पावतीवर नव्हता. तेव्हा कचरा टाकणं स्वस्त वाटलं कारण बिल पुढच्या पिढीच्या नावावर फाडलं होतं.

साळगावचा प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि वीज होते. दक्षिणेत काकोड्याचा झाला. बायंगिणीच्या प्रकल्पाचं घोंगडं अजून भिजतंय. प्रकल्प हवेतच, पण तिथेही मिसळलेला कचरा गेला तर आधी तो निवडायचा खर्च. आणि ज्याचं काहीच होत नाही त्याची गाठोडी बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांपर्यंत ट्रकने पाठवावी लागतात. घाट चढून जाणाऱ्या त्या ट्रकाचं डिझेलही आपल्याच खात्यात.

पिंपळपार

केरळमध्ये हरित कर्म सेनेच्या बायका घरोघर जाऊन फक्त स्वच्छ, सुकं प्लास्टिक घेतात आणि महिन्याला साधारण पन्नास रुपये जागेवरच घेतात. ओल्या कचऱ्याचं ज्याने त्याने घरी बघायचं. पुण्यात कचरावेचकांची स्वच्छ ही सहकारी संस्थाही घराकडूनच शुल्क घेते. पैसे कोणाच्या हातात जातात ते डोळ्यांसमोर दिसतं, म्हणून लोक देतात. घरपट्टीत मिसळलेलं शुल्क कुठे गेलं ते कोणाला कळत नाही.

कुळागरवाली

चवथीच्या दिवसांत मात्र कोणतीही पद्धत कोलमडते हो. माटोळीची (गणपतीवर बांधतात त्या मांडवाची) फळं, केळीची पानं, नारळाची सोडणं, निर्माल्य. आमच्या वाड्यावर दरवर्षी तीन घरं मिळून एकच खड्डा करतात. पुढच्या चवथीपर्यंत त्यातली माती इतकी काळी होते की माझी जाऊ झेंडूला नेते.

माडाखाली

आठ दिवस गप्प होतो कारण मोजत होतो. मासे तोलायचा जुना ताणकाटा काढला आणि आमचं घर धरून वाड्यावरच्या पाच घरांचा कचरा सात दिवस तोलला. शेजारच्या काकी पहिल्या दिवशी म्हणाल्या, आता कचऱ्याचाही बाजार मांडलास का. तिसऱ्या दिवशी त्याच पिशवी घेऊन काट्यापाशी उभ्या.

पाच घरांचा आठवड्याचा कचरा भरला ४३ किलो. त्यातला ओला ३४. सालं, मासळीचा कचरा, भात, चहाचा चोथा, आणि नारळ. त्या नारळाने तर काट्याचा स्प्रिंग ताणला. सुका ७ किलो, आणि डायपर, सॅनिटरी पॅड वगैरे २ किलो. पाचपैकी चार घरांना मागे भाट, म्हणजे माडांची बाग आहे. म्हणजे हा ३४ किलो मुळात गाडीत चढायलाच नको होता. पाचवं घर भाड्याच्या दोन खोल्यांचं, त्यांना खड्ड्याला जागा नाही. त्यांच्यासाठी शेजारच्या भाटातला खड्डा वापरायला मालक तयार झाले, मी विचारून आलो.

सभेत मी हे मांडणार आहे. पायाभूत शुल्क राहू दे, पण साधं घर, भाड्याच्या खोल्या आणि पर्यटकांचे बंगले यांचे दर वेगळे. ज्यांच्याकडे खड्डा आहे आणि पंचायतीने येऊन बघितलाय, त्यांना शुल्कात सूट. वेगळा केलेला सुका कचरा फुकट, आठवड्यातून दोनदा. डायपर-पॅडसाठी आणि ज्यांचा ओला कचरा जिरू शकत नाही त्यांच्यासाठी वेगळी फेरी. मिसळलेली पिशवी दारात परत. शिक्क्याच्या विकतच्या पिशव्या आत्ता नकोत, सोलकढींचं वळण आधी स्वच्छ होऊ दे. आणि गाडी ज्या दिवशी फिरणार नाही त्या दिवशी तिची माणसं शेडमध्ये, पूर्ण पगारावर.

सगळ्यांचे मनापासून आभार. देव बरें करूं.

तांबडी_माती

आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, डायपरची फेरी वेगळी केली तर लाल पट्टी बांधायला सांगा, म्हणजे उघडून बघावं लागत नाही.

माडाखाली

लाल पट्टी घातली यादीत.

सोलकढी

सभा कधी आहे? आमची पंचायत शेजारचीच, मी ऐकायला येतो. वळण दोन्ही गावांच्या मध्ये पडतं, तेव्हा त्याचा खर्च कोणी करायचा ते त्याच दिवशी बोलून घेऊ.

माडाखाली

रविवारी साडेदहाला, देवळाच्या सभामंडपात. दहाला या. ताणकाटा घेऊन येतोय, तुमच्याकडची पिशवी आणलीत तर तीही तोलू.